दाखला नव्हे, चिठ्ठी

मेढा हे जावळी तालुक्याचं मुख्य ठिकाण, त्यामुळे इथे दाखल्यांना तोटा नाही. उत्पन्नाचा, रहिवासाचा, जातीचा, आणि माणूस समोर धडधाकट उभा असला तरी हयातीचासुद्धा. पण या सगळ्यांपेक्षा अवघड असा एक दाखला तहसील कचेरीत मिळत नाही. तो एसटी स्टँडवर, पारावर आणि लग्नाच्या पंगतीत मागितला जातो. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याला कुणी म्हणत नाही, की बाबा रे, आधी रागावर ताबा मिळवून बघितलास का? ॲसिडिटीची गोळी तर लोक मिसळीची ऑर्डर देतानाच खिशातून काढून ठेवतात, आणि त्यात दूरदृष्टी मानली जाते. वजन कमी करायची गोळी डॉक्टरांनी लिहून दिलीय असं कळलं, की मात्र चौकशी समिती बसते. पहाटे उठतोस का? जिभेवर ताबा आहे का? तुझा आजा गोळ्या खायचा का? हा सगळा चारित्र्याचा दाखला. माझं म्हणणं एवढंच आहे, की या गोळीसाठी एकच कागद पुरेसा आहे, आणि तो म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठी. ती असेल तर बाकीच्यांनी गप्प बसावं, आणि नसेल तर सगळ्यांनी मिळून आरडाओरडा करावा. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं.

आता आजा गोळ्या खायचा नाही, हे खरंच. इथल्या कितीतरी घरांतले आजे माथाडी होते. मुंबईच्या गोदीत आणि धान्याच्या बाजारात त्यांनी जन्मभर पोती उचलली. म्हणजे वजन या तालुक्याला नवं नाही. आज्याचं पाठीवर असायचं आणि संध्याकाळी उतरवून ठेवता यायचं. नातवाचं पोटावर आहे आणि ते झोपतानाही सोबत येतं. पण यावरून नातू आळशी ठरवायचा, तर हिशेब जरा मोठा मांडावा लागेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २००५-०६ च्या फेरीत देशातल्या १२.६ टक्के बायका आणि ९.३ टक्के पुरुष जास्त वजनाचे निघाले होते. २०१९-२१ च्या फेरीत हेच आकडे २४ आणि २३ टक्क्यांच्या आसपास गेले. आळस हेच कारण धरलं, तर पंधरा वर्षांत एका अख्ख्या देशाचं चारित्र्य निम्म्यावर आलं असं म्हणावं लागेल, आणि पुरुषांचं तर त्याहूनही खाली. पारावरच्या मंडळींना हे पटण्यासारखं आहे, पण विज्ञानाला नाही. पंधरा वर्षांत माणसाचा स्वभाव बदलत नाही. दारातली मोटरसायकल, किराणा दुकानातले पाच-दहा रुपयांचे पुडे आणि दिवसभराची बैठक मात्र बदलते.

बरं, निश्चय केला आणि वजन उतरवलं, तरी गोष्ट तिथे संपत नाही. मेलबर्नच्या संशोधकांनी २०११ साली ५० जणांचा अभ्यास मांडला होता. या लोकांनी दहा आठवडे कडक आहार पाळून वजन चांगलं खाली आणलं. वर्षभरानंतर त्यांचं रक्त तपासलं, तर भूक वाढवणारी संप्रेरकं अजून चढलेलीच आणि पोट भरल्याचं सांगणारी उतरलेलीच. शरीराने वर्ष झालं तरी दुष्काळ जाहीर करून ठेवला होता. चंद्रराव मोऱ्यांच्या काळी जावळीच्या खोऱ्याचा जो लौकिक होता, तोच चरबीचा आहे. आत शिरायला वाटा पुष्कळ, बाहेर पडायला एकही नाही. अशा ठिकाणी ‘मनात आणलं तर काय अवघड आहे’ असं म्हणणारा माणूस बहुधा खोऱ्यात कधी उतरलेला नसतो.

आणि निश्चयाचंच बोलायचं, तर या तालुक्याने त्याचा एक नमुना सगळ्या महाराष्ट्राला दाखवलेला आहे. जावळीतल्या बायकांनी मतदानात बाटली आडवी केली आणि दारूची दुकानं बंद पाडली. त्यांनी प्रत्येक नवऱ्याला समोर बसवून ‘मन घट्ट करा’ असं प्रवचन दिलं असतं, तर ती दुकानं आजही चालू असती. मन घट्ट व्हायची वाट न बघता त्यांनी मोहच दाराबाहेर काढला. भूक कमी करणारी गोळी याहून वेगळं काही करत नाही. दारूबंदीला ‘शॉर्टकट’ म्हणायची हिंमत या तालुक्यात कुणाला झालेली नाही. गोळीच्या बाबतीत तरी ती का व्हावी?

दुसरा आक्षेप प्रेमळ असतो, म्हणून जास्त घातक. ‘तो कुठे जाडाय? खात्यापित्या घरचा आहे!’ या वाक्याचं उत्तर पुण्यातून आलेलं आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन या दोघांचा एकत्र फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या हिशेबातलं वजन, अगदी सारखा होता, २२.३. दिसायला दोघेही सडसडीत. अंगातली चरबी मोजली, तर साहेबाची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२. म्हणजे आपण बारीक असतानाच आतून जाड असतो! स्वतःच्या पोटाचं गुपित जगातल्या इतक्या मोठ्या नियतकालिकात छापणारा पुणेकर दुसरा झाला नसेल. म्हणूनच आपल्याकडे बीएमआयची धोक्याची रेघ युरोपियनांच्या २५ वरून २३ वर आणि लठ्ठपणाची ३० वरून २५ वर आणली गेली. कंबरेचा घेर पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या वर गेला, की डॉक्टर भुवई उंचावतात. खात्यापित्या घराला यातून सवलत नाही.

तिसऱ्या आक्षेपापुढे मात्र मान तुकवावी लागते. वजनाच्या गोळ्यांचा इतिहास वाचला, तर भुताच्या गोष्टी बऱ्या वाटतात. १९३३ साली अमेरिकेत डायनायट्रोफेनॉल नावाचं रसायन वजन उतरवायला म्हणून बाजारात आलं. दारूगोळ्याच्या कारखान्यांत वापरलं जाणारं हे द्रव्य. त्याने चरबी खरोखर जळायची, कधीकधी माणूसही तापून मरायचा, आणि जे वाचले त्यांतल्या काहींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. १९३८ पर्यंत ते बंद झालं. मग फेन-फेनची जोडगोळी आली, तिने हृदयाच्या झडपा बिघडवल्या, आणि त्यातलं फेनफ्लुरामीन १९९७ मध्ये बाजारातून उठलं. रिमोनाबंटने भूक मेली, पण माणसं इतकी खिन्न झाली की आत्महत्येचे विचार येऊ लागले. भारताने त्यावर २००९ मध्ये बंदी घातली. सिब्युट्रामीन आपल्याकडे बरीच वर्षं खपलं. त्याने हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो असं दिसल्यावर २०११ मध्ये तेही बंद झालं. रोग परवडला पण औषध नको, असं म्हणणाऱ्याला इथे मी खोडून काढत नाही. फक्त एवढं विचारतो, की या गोळ्यांचे धोके उघडकीला आणले कुणी? पारावरच्यांनी नव्हे. हजारो माणसांवर वर्षानुवर्षं चाचण्या घेणाऱ्या आणि रुग्णांच्या तक्रारी लिहून ठेवणाऱ्या डॉक्टरांनीच. म्हणजे या इतिहासाचा धडा ‘गोळी नको’ असा नसून ‘चिठ्ठीशिवाय गोळी नको’ असा आहे.

आज चिठ्ठीवर जे मिळतं, त्यातली जुनी गोळी ऑर्लिस्टॅट. ही भुकेला हात लावत नाही. जेवणातल्या तेला-तुपाचा साधारण तीस टक्के भाग पचूच देत नाही, सरळ पुढे पाठवते. ही पुढे पाठवण्याची क्रिया नीट समजून घेतली पाहिजे, कारण गोळीचं सगळं शिक्षण त्यातच आहे. समजा, जत्रेचा दिवस आहे, मटणाच्या रश्श्यावर बोटभर तर्री आहे, आणि पांढऱ्याशुभ्र लेंग्यातल्या पाहुण्यांनी गोळी घेऊन दोनदा रस्सा मागून घेतला. त्यानंतर त्यांनी महाबळेश्वरची एसटी पकडू नये. केळघर घाटात वळणं फार आहेत आणि मधे थांबा नाही. न पचलेलं तेल पूर्वसूचना न देता बाहेर पडतं, आणि लेंग्यावर त्याचा पंचनामा होतो. पुढच्या जत्रेला पाहुणे तर्री बाजूला सारून सुकं मटण घेतात. कुठल्याही आहारतज्ज्ञाच्या तक्त्याने जे साधलं नसतं, ते त्या घाटाने साधलेलं असतं.

नवी गोळी सेमाग्लुटाइडची. तिच्या घराण्याचा मूळपुरुष शोधायला गेलं, तर अमेरिकेच्या वाळवंटातला गिला मॉन्स्टर नावाचा विषारी सरडा निघतो. त्याच्या विषात डॉ. जॉन एंग यांना १९९२ मध्ये एक द्रव्य सापडलं, आणि त्यावरून २००५ मध्ये या जातीचं पहिलं औषध आलं. घोरपडीच्या आधाराने गड चढल्याच्या कथा ऐकत वाढलेल्या मुलखाला, तिच्या दूरच्या भावकीच्या आधाराने वजन उतरवायला कमीपणा वाटू नये. अडचण दुसरीच आहे. ही गोळी पहाटे उपाशीपोटी घ्यायची, जास्तीत जास्त १२० मिलिलीटर पाण्याबरोबर, म्हणजे जेमतेम अर्धा पेला. त्यानंतर अर्धा तास काही म्हणजे काही नाही. एवढं सोवळं पाळूनही तिचा एक टक्कासुद्धा रक्तात पोचत नाही, आणि मधे चहा आला तर तेवढाही नाही. आता मेढ्यात पहाटे अर्धा तास चहावाचून काढायचा हा पथ्यपाण्यातला सगळ्यात अघोरी प्रकार आहे. दारात आलेला पाहुणा चहा घेतल्याशिवाय हलत नाही, आणि त्याने कप उचलल्यावर घरधन्याने नुसतं घड्याळाकडे बघत बसणं हे मोठ्या भांडणाचं मूळ ठरू शकतं. ज्यांना निश्चयाचीच परीक्षा घ्यायची आहे, त्यांनी ही गोळी महिनाभर नियमाने घेऊन दाखवावी.

आता निकालाचा आकडा. या गोळीच्या २५ मिलिग्रॅमच्या मात्रेची चाचणी ६४ आठवडे चालली. खऱ्या गोळीवाल्यांचं वजन सरासरी १३.६ टक्के उतरलं, खोट्या गोळीवाल्यांचं २.२ टक्के. त्यावर डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने ती वजनासाठी मंजूर केली. आपल्याकडे २०२२ मध्ये ही गोळी आली ती मधुमेहासाठी, कमी मात्रेत. पण मला यातला मोठा आकडा तितका मोलाचा वाटत नाही, जितका छोटा आकडा वाटतो. आहार-व्यायामाचा सल्ला दोन्ही गटांना मिळाला होता. म्हणजे नुसत्या सल्ल्याचं वजन शास्त्राने एकदाचं मोजून दिलं. नव्वद किलोच्या माणसामागे दोन किलो, आणि तेही सल्ला तज्ज्ञांचा असताना. पारावरच्या सल्ल्याचं किती, ते ज्याने त्याने ठरवावं.

‘पण सोडली की पुन्हा वाढतं ना?’ वाढतं. याच औषधाच्या इंजेक्शनच्या चाचणीत, औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं. रक्तदाबाची गोळी सोडली की रक्तदाबही वाढतो, तरी तिला कुणी लबाड म्हणत नाही. खर्चाचा मुद्दा मात्र खरा आहे. मार्च २०२५ मध्ये भारतात आलेल्या मौंजारो या वजनाच्याच दुसऱ्या औषधाच्या इंजेक्शनची ५ मिलिग्रॅमची कुपी ४,३७५ रुपयांना होती, आणि ती आठवड्याला एक लागते. भाताच्या चार वाफ्यांवर घर चालवणाऱ्याला हा नाकापेक्षा जड मोती. मार्च २०२६ मध्ये सेमाग्लुटाइडच्या पेटंटची भारतातली मुदत संपली, देशी कंपन्यांना वाट मोकळी झाली, आणि स्पर्धा आली की भाव उतरतो. शिवाय एक दुष्परिणाम पाकिटातल्या कागदावर छापलेला नसतो. वजन उतरायला लागलं, की गाव हळहळतं. ‘पार वाळला गं, काय मोठं दुखणं तर नाही?’ जाड असताना हसणारीच माणसं मग लाडू घेऊन येतात.

इतकी चौकशी करणाऱ्या गावाला स्टँडबाहेरच्या भिंतीवरची जाहिरात मात्र दिसत नाही. ‘महिन्यात दहा किलो, साइड इफेक्ट शून्य’, खाली मोबाइल नंबर. हळद पिऊन लगेच गोरं व्हायची आपली हौस जुनी आहे, आणि तिच्यासाठी कुणी दाखला मागत नाही. १९५४ चा जादुई उपायांच्या जाहिरातींविरुद्धचा केंद्रीय कायदा आहे. ज्या आजारांवर औषधाची जाहिरात करायला त्यात मनाई आहे, त्यांच्या यादीत लठ्ठपणाही आहे. म्हणजे त्या भिंतीवर सत्तर वर्षांपूर्वीच्या कायद्याची पायमल्ली ठळक अक्षरांत रंगवलेली असते. ‘शुद्ध वनौषधी’ म्हणून विकलेल्या असल्या पुड्यांत बंदी घातलेलं सिब्युट्रामीन मिसळलेलं निघाल्याचे प्रकार जगभर पुन्हा पुन्हा सापडले आहेत. चारित्र्य तपासायचंच असेल, तर ते या पुड्यांचं तपासावं.

तेव्हा ज्यांची कंबर रेघेच्या पलीकडे गेली आहे, त्यांनी लाज न धरता डॉक्टर गाठावा. साखर, थायरॉईड, यकृत तपासून घ्यावं. पित्ताशयाचे खडे, स्वादुपिंडाचा जुना त्रास, घरात कुणाला झालेला थायरॉईडचा कर्करोग, पोटात असलेलं किंवा हवं असलेलं मूल, यांतलं काहीही लपवू नये. गोळीबरोबर स्नायूही झिजतात, म्हणून डाळी, उसळी, अंडी आणि चालणं सुटत नाही, हेही ऐकून घ्यावं. आणि चिठ्ठी न बघता कुणी ही गोळी काउंटरवर ठेवली, तर पैसे खिशात टाकून त्या दुकानातून सरळ बाहेर पडावं.