गॅलरीतली टूलरूम

आमच्या शेजारच्या काकांच्या खिशाला पेन नसतं, व्हर्नियर असतो. सहा इंची, स्टीलचा. निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळाबरोबर मिळालेलं घड्याळ त्यांनी पुतण्याला देऊन टाकलं. व्हर्नियरला मात्र कुणी हात लावलेला चालत नाही. कुणाकडे गेलं की माणूस पुढे आलेलं पाणी पितो. काका आधी पेल्याचा व्यास घेतात. "वर 72, खाली 58," असं स्वतःशीच पुटपुटतात, मान डोलावतात आणि मग पितात.

पिंपरी-चिंचवडमध्ये राहणाऱ्याला हा माणूस नव्याने सांगायला नको. दर सोसायटीत एक असतोच. उमेदीची सगळी वर्षं भोसरीच्या एमआयडीसीत, टूलरूममध्ये डाय घडवण्यात गेलेली. पहिल्या पाळीची बस पकडायची, दिवसभर मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी भांडायचं आणि संध्याकाळी घरी आल्यावर दाराची कडी दोन सूत खाली आहे म्हणून जेवण गोड लागायचं नाही. डाय कुठल्या वस्तूची, ती वस्तू पुढे जाते कुठे, हे त्यांनी कधी विचारलं नाही. बसली पाहिजे, एवढंच. अशा माणसाला निवृत्त करतात तेव्हा त्याची टूलरूम काढून घेतात. हात त्याच्याकडेच राहतात.

पहिलं वर्ष सोसायटीच्या नळांवर आणि लोकांच्या मिक्सरवर निघालं. मग एका सकाळी गॅलरीतली तुळस स्वयंपाकघराच्या खिडकीत गेली आणि तिच्या जागी एक खोकं आलं. लाकडी खोकं, वर भोकाभोकांची पाटी, एका कुशीला गोल तोंड, त्यात घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरची नळी खुपसलेली. ड्रॉवरच्या दोन चॅनेलवर वर-खाली सरकणारी चौकट. तिच्यात प्लास्टिकची शीट ताणून चारी बाजूंनी कागदांना लावायचे काळे चिमटे. सगळ्यांच्या डोक्यावर पत्र्याचं झाकण, आणि झाकणाच्या पोटात पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेल्या हजार-हजार वॉटच्या दोन कॉइल.

पहिल्या दिवशी 2000 वॉटच्या कॉइल आणि 1400 वॉटचा क्लीनर हे सगळं गॅलरीतल्या सहा अँपिअरच्या प्लगवर लावलं गेलं. त्या प्लगने आजवर फोनच्या चार्जरपलीकडे काही पाहिलेलं नव्हतं. काकांचं घर अंधारलं. दुसऱ्या दिवशी गिझरच्या पॉइंटवरून जाड वायर ओढली गेली. तेव्हापासून त्या घरात प्लास्टिक तापत असेल तर अंघोळीचं पाणी तापत नाही.

या उद्योगाचं नाव व्हॅक्यूम फॉर्मिंग. पेढ्यांच्या खोक्यातला खाचांचा ट्रे, गोळ्यांच्या पाकिटावरचे फुगे, फ्रिजच्या आतलं पांढरं अस्तर, ही सगळी याच गोत्रातली मंडळी. काकांनी मला बघायला बोलावलं. "नीट बघा हं," म्हणाले, "एकदाच होतं." आणि खरंच, त्यात बघण्यासारखं काहीतरी आहे. अर्ध्या मिलिमीटरची हिप्स नावाच्या प्लास्टिकची पांढरी शीट कॉइलखाली गेली. आधी काहीच झालं नाही. मग ती तव्यावरच्या पापडासारखी जागोजागी उचलली गेली, सुरकुतली. मला वाटलं बिघडली. काकांनी नुसता हात वर केला: थांबा. सुरकुत्या आपोआप गेल्या, शीट ताठ झाली, आणि मग हळूहळू मध्यभागी झोळीसारखी खाली यायला लागली. "आता!" काकांनी चौकट खाली दाबली, पायाने क्लीनरचं बटण दाबलं, आणि एका श्वासात ती झोळी खालच्या साच्याला अशी चिकटली की साच्याच्या लाकडाची रेघनरेघ वर उमटली. तीन सेकंद. मी टाळी वाजवली. काकांनी कोपरा बोटाने चाचपला आणि म्हणाले, "पातळ झालाय." उंच साचा आणि धारदार कोपरा असला की तिथपर्यंत पोचेस्तोवर प्लास्टिक ताणून ताणून विरतं, हे मला नंतर कळलं. टाळी वाया गेली.

"काय मस्त ओढून घेतं हो," मी म्हणालो.

"ओढत नाही. ढकलतं." काका खुर्ची ओढून बसले. हा माणूस खुर्ची ओढून बसला की निदान वीस मिनिटं जातात. खालची हवा काढली की वरची हवा शीटवर बसते. वातावरणाचा दाब चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो. आपली शीट 20 बाय 30, म्हणजे 600 चौरस सेंटिमीटर. खरा पंप असता तर सहाशे किलोच्या आसपास वजन पडलं असतं. बिचारा क्लीनर त्याच्या पाचव्या हिश्शापर्यंतच जातो. "म्हणजे एकशेवीस किलो. तुम्ही आणि वहिनी दोघं मिळून वर उभे राहिलात असं समजा." हा हिशेब मी घरी सांगितलेला नाही. पुढे मॅग्डेबर्गच्या महापौराची, ऑटो फॉन गेरिकेची गोष्ट झाली. दोन पोकळ अर्धगोल जोडून आतली हवा काढली तर घोड्यांना ओढूनही ते सुटेनात, ती. घोडे काकांनी असे रंगवले की काकू आतून "चहा गार होतोय" म्हणून ओरडल्या.

मात्र एका बाबतीत काका पक्के आहेत आणि मला त्यांचा आदर वाटतो. पीव्हीसी ते घरात तापवत नाहीत. स्वस्तात मिळते, चकचकीत दिसते, पण जास्त तापली की त्यातून हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफा निघतात. रविवार पेठेतला दुकानदार "काय होतंय काका, सगळे नेतात" म्हणाला, तर काका शीट तिथेच ठेवून पायऱ्या उतरले. ज्या माणसाने काकूंना न विचारता त्यांची टाल्कम पावडर ट्रे सुटावा म्हणून साच्यांवर उडवून संपवली, त्याच माणसाची ही शिस्त.

यंत्र झालं. आता ट्रे कशाचा? इथे या जातीच्या माणसाची खरी गोम आहे. सगळं जग आधी वस्तू करतं आणि मग तिला वेष्टन शोधतं. काकांकडे वेष्टन तयार होतं, वस्तू नव्हती. मग घरातली प्रत्येक वस्तू संशयित झाली. चष्म्याला ट्रे झाला, किल्ल्यांना झाला. काकूंच्या सोमवार ते रविवारच्या गोळ्यांना सात खाचा झाल्या. टीव्हीच्या रिमोटला साचा करण्याइतका धीर न राहिल्याने काकांनी रिमोटच खोक्यावर पालथा ठेवून वर गरम शीट दाबली. प्लास्टिक रिमोटच्या बगलेतून आत वळलं आणि तिथेच थंड झालं. रिमोट ट्रेला इतका फिट बसला की बाहेर येईना. तीन दिवस त्या घरात एकच चॅनेल चाललं आणि ते कृषिविषयक होतं.

"अंडरकट," काका म्हणाले.

"कसला कट?" काकू म्हणाल्या. काकांनी कागदावर आकृती काढायला घेतली. काकूंनी ती अर्ध्यावर थांबवली. "भाताची मूद पाडतो ना आपण? वाटीतून सुटते, कारण वाटी वर पसरट. तांब्यात भात दाबून उलटा केला तर सुटेल का? मग सरळ सांगा की रिमोट तांब्यासारखा आहे."

काका पेन्सिल हातात धरून गप्प बसले. टूलरूममध्ये नव्या पोरांना ड्राफ्ट अँगल, म्हणजे साच्याच्या कडांचा उतार, समजवायला त्यांना प्रत्येकी दोन दिवस लागायचे.

दिवाळीच्या तोंडावर वस्तू सापडली, आणि तिला जबाबदार मी. आमची मुलगी न्यू जर्सीत असते. तिला दरवर्षी फराळाचं पार्सल जातं आणि चकल्या काकूंच्याच हातच्या लागतात. आदल्या वर्षी तिचा फोन आला होता: "बाबा, चकली पोचली, पण परत भाजणी होऊन. पुढच्या वेळी सोऱ्यापण पाठवा." हे मी काकांपुढे बोलून गेलो. काकांचा हात खिशाकडे गेला.

कारखान्यात चौकशी झाली. डायचे पैसे वेगळे, आणि कमीत कमी 5,000 नग. आम्हाला हवे होते चार. म्हणजे गॅलरीच.

पुढचे पंधरा दिवस काकूंनी कसे काढले ते त्याच जाणोत. काकांनी 40 चकल्या मोजल्या आणि वहीत मांडल्या. सगळ्यांत लहान 58 मिलिमीटर, सगळ्यांत मोठी 71.

"यात 13 मिलिमीटरचा फरक आहे," काका म्हणाले.

"असेल."

"कंपनीत असा माल परत जातो."

"मग परत करा. डब्यात ठेवा." काकूंनी वहीकडे पाहिलंसुद्धा नाही. "माझ्या हातची आहे ती. लेथवरची नाही."

चकली सारखी निघावी म्हणून काकांनी पत्र्याची गोल कडी करून दिली. तिच्यात चकली पाडायची. काकूंनी त्या कडीत थालीपीठ थापलं. शेवटी तह झाला: 66 ते 68 मधल्या चकल्या न्यू जर्सीला, उरलेल्या सोसायटीला. इतका सोयीचा तह आमच्या सोसायटीत पूर्वी कधी झाला नव्हता. एका आदर्श चकलीवर काकांनी वॉर्निशचे तीन हात दिले आणि वर चिठ्ठी चिकटवली: 'मास्टर. खाऊ नये.' ती अजून शोकेसमध्ये आहे.

साच्याचे पहिले गोल एमडीएफचे, आठ. सगळ्या कडांना तीन-चार अंशांचा उतार (काका आता त्याला 'मुदीचा उतार' म्हणतात), खोलगट जागी हवा निघायला एक मिलिमीटरची भोकं, आणि थंड होताना प्लास्टिक सुमारे अर्धा टक्का आकसतं म्हणून तेवढं माप वाढवून. शीट बसली, पण दोन गोलांच्या मधे प्लास्टिक दुमडून उभ्या पट्ट्या झाल्या. काकूंनी लांबूनच निदान केलं: "निऱ्या पडल्यात. जवळजवळ ठेवलेत, कापड जाणार कुठे?" आठाचे सहा गोल झाले आणि निऱ्या गेल्या.

मध्येच सोसायटीच्या सेक्रेटरींनी 2018 सालच्या प्लास्टिकबंदीची आठवण करून देणारी चिठ्ठी दाराला लावली. काकांनी उत्तरादाखल त्यांना त्यांच्या बिल्ल्याच्या मापाचा ट्रे दिला. प्रकरण मिटलं.

चार ट्रे तयार झाले, आणि खरंच देखणे. काकांनी चकली खाचेत ठेवली, ट्रे उलटा केला, चकली पडली नाही. पुन्हा केला. पुन्हा नाही. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते त्यांच्या मुलीच्या लग्नातही नव्हतं, असं काकू म्हणतात. तेवढ्यात काकू म्हणाल्या, "तेलकट चकली मी उघड्या प्लास्टिकवर ठेवणार नाही," आणि प्रत्येक खाचेत बटर पेपर घातला. आता चकली वर राहू लागली आणि झाकण टेकेना. काका रात्रभर सगळे गोल नव्याने मोठे कापत बसले. सकाळी काकूंनी पातळ बटर पेपर आणला. आता चकली खुळखुळू लागली. काका तोंड फिरवून गॅलरीत गेले. पार्सल काकूंनी बंद केलं.

दहा दिवसांनी मुलीचा व्हिडिओ कॉल आला. काका-काकू आमच्याकडे येऊनच बसले होते, काका इस्त्रीचा शर्ट घालून. तिने ट्रे कॅमेऱ्यासमोर धरला. चोवीसच्या चोवीस चकल्या अखंड होत्या, काटासुद्धा मोडला नव्हता.

"चव—" माझी बायको म्हणणार होती.

"कोपरा दाखव," काका म्हणाले. "नाही, डावीकडचा. जरा तिरका कर. तडा नाही ना?"

"काही नाही काका, एकदम भारी आलंय. आणि काकू, चकल्यांच्या भोवतीनं चुरमुरे ठासून भरायची आयडिया जबरदस्त. जरासुद्धा हलल्या नाहीत. मी ते फोडणी देऊन खाल्ले पण."

काका काही बोलले नाहीत. काकूंनी बशीतला लाडू उचलून निरखला, जणू त्याचंही माप घ्यायचंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आमची बेल वाजली. दारात काका, हातात रिकामी वाटी.

"मूठभर चुरमुरे आहेत का हो? भडंग नको, साधे," ते म्हणाले आणि खिशातून व्हर्नियर काढून आत आले.