माळ तपासावा कसा? (नवशिक्यांसाठी)

आधी महिना निवडा. मे सर्वांत सोयीचा. तेव्हा आणे पठारावर किंवा लोणी-धामणीच्या माळावर हिरवी काडी दिसत नाही. गाडीतून न उतरता ‘ओसाड’ असा शेरा मारता येतो आणि बेल्ह्यात वेळेवर जेवायला पोचता येतं. ऑक्टोबरात गेलात की पंचाईत. गवत ऐन भरात असतं आणि नावं विचारत बसावं लागतं.

उतरावंच लागलं तर मीटरभर लांबी-रुंदीची चौकट टाका. हिरवा तुकडा हेरून टाकू नका, मोह होतो. आत शेडा, पवना, मारवेल भरपूर निघालं तर माळ ठणठणीत. जनावरं हीच गवतं आधी खातात, म्हणून चराई अती झाली की हीच आधी जातात. मग कुसळी माजते. कोवळी असेतो मेंढरं ती खातात. पिकली की तिचं अणकुचीदार बी लोकरीतून कातडीत घुसतं. त्याची शेपटी ओलीने पीळ उलगडते, वाळली की पुन्हा पिळवटते आणि बी जमिनीत रुततं. तुमच्या पायमोज्यात रुतलेलं मोजणीत धरू नये. कुसळीही विरळ होऊन मुरुम उघडा पडला आणि तरवड, रुई तेवढी उरली, की माळ खंगला समजा. तरवड हिरवीगार दिसते म्हणून ‘आच्छादन समाधानकारक’ लिहू नका. शेळीसुद्धा सहसा तिच्या वाटेला जात नाही.

आता गुन्हेगार. तो ठरलेला आहे: धनगर. दिवाळीनंतर तो वाडा घेऊन घाट उतरतो, कोकणात खाचरांवर मेंढरं बसवतो आणि पावसाच्या तोंडावर परततो. म्हणजे कित्येक महिने तो माळावर नसतोच, पण हे अहवालात घालू नये. कुकडीच्या कालव्यांखालचं शिवार उसाने भरलं, सुगीनंतर चरायला मोकळी रानं कमी झाली आणि भार माळावर आला, हे तर मुळीच नको. त्याच्याशी बोललात तर कळेल की कळप पसरून रेंगाळला तर चारा आहे, नाकासमोर चालत सुटला तर नाही. ही पद्धत फुकट असल्यामुळे कुठल्याही अंदाजपत्रकात बसत नाही.

उपाय म्हणून ‘वृक्षारोपण’ लिहा. देशातल्या पडीक जमिनींचा नकाशासंग्रह २००० साली निघाला, त्यात झुडपी माळ पडीकच धरलेत. मंजुरीला अडचण नाही. खरंच माळ सुधारायचा असेल तर गायरानाचा एक तुकडा दोन पावसाळे राखा. बी पडेपर्यंत ना जनावर, ना विळा. ही गवतं उन्हातली आहेत, दाट सावलीत टिकत नाहीत. तेव्हा कृपा करून तिथे खड्डे घेऊ नका.