नकाराचा परतावा

भोसरीच्या एमआयडीसीत टर्निंगचं जॉबवर्क करणाऱ्या माणसाने लिंक्डइनवर खातं उघडावं आणि नावाखाली ‘फाउंडर’ असं लिहावं. दुसऱ्या दिवशी चहा निवायच्या आत तीन अनोळखी माणसं त्याच्या ‘प्रवासाने भारावलेली’ असतात. हा प्रवास भोसरी ते चिंचवड असा स्कूटरवरचा असला तरी चालतो. भारावलेल्यांपैकी पहिला वेबसाइट बनवून देतो, दुसरा परदेशातल्या लीड मिळवून देतो आणि तिसरा वेबसाइटवाल्यांना लीड कशा मिळवायच्या याचा क्लास घेतो. शाफ्ट मात्र तिघांपैकी कोणालाच नको असतो.

या संदेशांचा साचा ठरलेला आहे. पहिल्या वाक्यात स्तुती, दुसऱ्यात तुम्हाला न झालेला आजार, तिसऱ्यात त्यांच्याकडचं औषध आणि शेवटी ‘फक्त पंधरा मिनिटांचा क्विक कॉल’. चाकणच्या तळेगाव चौकात पंधरा मिनिटांत गाडी दुसऱ्या गिअरमध्ये जात नाही. इथे तेवढ्या वेळात तुमचा धंदा दसपट व्हायचा असतो. तुमच्या नोकरीला पाच वर्षं झाली की यांना तुमच्या बायकोआधी कळतं. अभिनंदन येतं आणि त्याच दमात पेरोल सॉफ्टवेअरचं दरपत्रकही येतं.

बहुतेकांनी हे काम यंत्राकडे सोपवलेलं असतं. लिंक्डइनच्या नियमांत अशा यंत्रांना बंदी आहे, पण आपल्याकडे ‘नो पार्किंग’च्या पाटीखालीच सावली चांगली मिळते. यंत्र नावाच्या रकान्यातला पहिला शब्द उचलतं आणि प्रेमाने हाक मारतं. त्यामुळे सनदी लेखापालांना ‘हाय सीए’, वकिलांना ‘हाय ॲडव्होकेट’ आणि डॉक्टरांना नुसतंच ‘हाय डॉ.’ असं ऐकून घ्यावं लागतं. काही बेरकी मंडळींनी आपल्या नावाआधी मिरचीचं चित्र टाकून ठेवलंय. ‘हाय मिरची, तुमचं प्रोफाइल मी बारकाईने वाचलं’ असा निरोप आला, की वाचणारं कोण होतं ते आपोआप उघड होतं.

उत्तर दिलं नाही तर सुटका होईल असं समजू नका. मग पाठपुरावा सुरू होतो. सरकारी कार्यालयात पाठपुरावा आपण करतो आणि साहेब गप्प असतात. इथे साहेब होण्याचा मान आपल्याला मिळतो, हाच काय तो फायदा. पहिली आठवण ‘कदाचित आपल्या नजरेतून निसटलं असेल’ अशी येते. दुसरी ‘हा संदेश पुन्हा वर आणतोय’ अशी. शेवटची आठवण विनोदी असते, कारण विनोद केल्याने माणूस पाघळतो असं क्लासमध्ये सांगितलेलं असतं. ‘तुम्ही उत्तर देत नाही, म्हणजे तुम्हाला रस नाही, वेळ नाही, की तुमच्यामागे पाणघोडा लागलाय?’ हा परदेशी विक्रेत्यांचा जुना ठेवणीतला विनोद आता आपल्याकडेही उतरलाय. भोसरीत मागे लागायला जीएसटीची नोटीस पुरते, पाणघोड्याची गरज पडत नाही, हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार?

पण एकट्या विक्रेत्याला दोष देणं अन्यायाचं होईल. मागे लागायची विद्या त्याने मूळ पीठातूनच घेतली आहे. २००३ मध्ये सुरू झालेल्या या संकेतस्थळाने एके काळी सदस्यांच्या नावाने त्यांच्या ओळखीपाळखीच्यांना पुन्हा पुन्हा आठवणपत्रं धाडली. त्यावरून अमेरिकेत खटला झाला आणि २०१५ मध्ये १ कोटी ३० लाख डॉलरवर तो मिटवावा लागला. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ही कंपनी २६.२ अब्ज डॉलरला विकत घ्यायचं जाहीर केलं. चिकाटीला फळ मिळतं म्हणतात ते उगाच नाही. आता तर विक्रेत्यांसाठी तिथे ‘सोशल सेलिंग इंडेक्स’ नावाचं १०० गुणांचं प्रगतिपुस्तक आहे. त्यात नातेसंबंध जोपासण्याला २५ गुण आहेत. ज्यांना सख्ख्या मावसभावाच्या मुंजीला जायला सवड झाली नाही, त्यांनाही इथे पहिला वर्ग मिळू शकतो.

आपले जुने विमा एजंट आठवा. आयुर्विमा महामंडळ १९५६ मध्ये स्थापन झालं आणि पाठोपाठ घरोघरी एजंटकाका अवतरले. तेही चिकटच होते. पण काका येताना कोणाचं तरी नाव घेऊन येत. ‘जोशीसाहेबांनी तुमच्याकडे पाठवलं’ म्हणत. तुम्ही कुठे नोकरीला आहात, मुलं कितवीत आहेत, कर्जाचे हप्ते कधी संपतात, हे त्यांच्या डायरीत असे. दारावर येण्यासाठी त्यांचं बसभाडं खर्च होई, चपला झिजत आणि ‘काका, आज नको’ ऐकताना थोडी लाजही खर्च पडे. एवढं सगळं खर्चायचं म्हटल्यावर माणूस कोणत्या दारावर जायचं याचा विचार करतो. आज बटण दाबायला बसभाडं लागत नाही. पाचशे जणांकडे एकदम जाता येतं आणि पाचशे जणांनी दार लावलं तरी आवाज कानावर येत नाही.

लिंक्डइनच्याही हे लक्षात आलेलं असावं. म्हणून ओळख नसलेल्या माणसाला थेट निरोप धाडायचा तर तिथे ‘इनमेल’ नावाची पैसे भरून मिळणारी सोय आहे आणि प्रत्येक निरोपाला एक क्रेडिट खर्ची पडतं. ९० दिवसांत उत्तर आलं तर ते क्रेडिट परत मिळतं. ज्याचे निरोप लोकांना वाचावेसे वाटतात त्याला बक्षीस, असा हेतू दिसतो. पण नकार हेदेखील उत्तरच धरलं जातं. म्हणजे ‘क्षमस्व, सध्या आवश्यकता नाही, आपल्याला शुभेच्छा’ असं शुद्ध मराठी सौजन्य दाखवणारा गृहस्थ प्रत्यक्षात त्या विक्रेत्याच्या हातात काडतूस परत ठेवत असतो. ते काडतूस मग शेजारच्या गाळ्यातल्या कुलकर्ण्यांवर झाडलं जातं. निरोपाच्या शेवटी ‘नकार असला तरी नक्की कळवा’ अशी विनवणी असते. तिच्यात विनय किती आणि हिशोब किती, ते ज्याचं त्याने ताडावं.

खरी अडचण अशी की गिऱ्हाईक सगळ्यांनाच हवं आहे. भोसरीचा तो टर्निंगवालाही रात्री दुकान बंद केल्यावर कंपन्यांच्या परचेस मॅनेजरांना तिथेच शोधत बसतो. त्याने समोरच्या कंपनीत कोणता भाग बनतो ते आधी पाहिलं, आपल्या मशीनवर किती टॉलरन्स निघतो ते एका ओळीत लिहिलं, केलेल्या कामाचा एक फोटो जोडला आणि पंधरा मिनिटांऐवजी एखादं ड्रॉइंग मागितलं, तर परचेस मॅनेजर निदान वाचेल. यात ना भारावणं आहे, ना पाणघोडा. फक्त हे करायला प्रत्येक निरोपामागे अर्धा तास जातो आणि दिवसाला मोजकेच निरोप होतात. एवढी साधी गोष्ट शिकवायला कोणी फी देत नाही, म्हणून ती कुठल्या क्लासमध्ये शिकवत नाहीत.

तेव्हा वाचकहो, तुमचं काम खरोखर पाहून ज्याने विचारलं असेल, त्याला नकार द्यायचा असला तरी दोन ओळी जरूर लिहा. त्याचं क्रेडिट त्याला परत मिळालंच पाहिजे. आणि ज्याने तुम्हाला ‘हाय मिरची’ म्हटलं असेल, त्याच्यासाठी सौजन्य आवरा. त्याला ना होकार द्या, ना नकार. ९० दिवस गप्प बसा. त्याला तोटा होण्याचा तेवढा एकच मार्ग तुमच्या हातात आहे.