दोन न्यूटन-मीटरचं महाभारत

कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीत सध्या एकच राष्ट्रीय प्रश्न आहे : शेजारच्या चिरंजीवांनी ह्युंदाईची आय-ट्वेंटी एन लाइन घ्यावी, की टाटांची अल्ट्रोझ रेसर? दोन्ही टर्बो, दोन्हींची ताकद १२० पीएस, दोन्हींत सहा एअरबॅग. टॉर्क मात्र एकीचा १७२ न्यूटन-मीटर, दुसरीचा १७०. या दोन न्यूटन-मीटरवरून काकामंडळींत उभी फूट पडली आहे. एका गटाला एन लाइनच्या सायलेन्सरची गुरगुर प्रिय. दुसऱ्याला अल्ट्रोझ पुण्यात बनते याचा अभिमान. आजोबांनी तेवढ्यात ‘ॲव्हरेज किती देते?’ असं विचारलं आणि दोन्ही गाड्यांची रग एकदम उतरली.

चिरंजीवांचं ऑफिस शिवाजीनगरला. म्हणजे सकाळी कर्वे रस्त्यावर क्लचवरचा पाय निघणार नाही, आणि संध्याकाळी टर्बोला जाग येईपर्यंत पुढची बस थांबलेली असेल. शून्य ते शंभर किती सेकंदांत, हे त्यांना तोंडपाठ आहे. शून्य ते वीस किती मिनिटांत, हे कर्वे पुतळ्याचा सिग्नल ठरवतो. पार्किंगच्या जागेत आधीच दोन स्कूटर आहेत, तो विषय कोणी काढत नाही.

याच कर्वेनगरला, म्हणजे तेव्हाच्या हिंगण्याला, महर्षी अण्णासाहेब कर्वे फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवून पायी यायचे. टॉर्कचा आकडा नव्हता, पण वेळेवर पोहोचायचे. चिरंजीवांनी खुशाल हवी ती गाडी घ्यावी. फक्त चांगल्या चपलाही घेऊन ठेवाव्यात.