ऑइलनिर्णय

एकादशी स्मार्तांची कधी आणि भागवतांची कधी, एकाच दिवसात दोन तिथी घुसल्या तर उपवास कोणत्या दिवशी धरायचा, असले पेच सोडवण्यासाठी कमलाकरभट्टांनी १६१२ साली ‘निर्णयसिंधु’ लिहिला. एवढा मोठा ग्रंथ, पण सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हराखाली निजलेल्या गाडीचं ऑइल कधी बदलावं, याबद्दल त्यात चकार शब्द नाही. ती उणीव भरून काढण्याचा हा अल्पमती प्रयत्न.

आधी अधिकारी कोण ते ठरवू. ज्याची गाडी वर्षाकाठी दोन हजार किलोमीटरही होत नाही, ज्याला स्वतःच्या गाडीचा नंबर विचारला की खिडकीपाशी जावं लागतं आणि ज्याच्या गाडीच्या कव्हरात मांजरीचं किमान एक बाळंतपण सुखरूप पार पडलेलं आहे, त्यानेच हा ग्रंथ वाचावा. रोज कोथरूड ते हिंजवडी करणाऱ्यांनी वाचू नये. त्यांचे प्रश्न वेगळे आहेत आणि ते ऑइलने सुटणारे नाहीत.

मूळ वचन गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात असतं. हे पुस्तक डॅशबोर्डच्या कप्प्यात, विम्याच्या जुन्या कागदांखाली, प्लास्टिकच्या पिशवीसकट सापडेल. आपल्याकडच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांबाबत ते म्हणतं: १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, जे आधी होईल ते. सगळा वाद या शेवटच्या चार शब्दांचा आहे.

पूर्वपक्ष मी स्वतः तीन वर्षं चालवला. गाडी चाललीच नाही तर ऑइल खराब कसं होईल? फळीवरचा सीलबंद डबा वर्षानुवर्षं टिकतो, मग इंजिनातलं ऑइलच काय नासतंय? तीन वर्षांत माझी गाडी ४,१०० किलोमीटर चालली होती. या हिशोबाने ऑइल आठव्या वर्षी बदलायचं होतं. हा हिशोब मी गॅरेजवाल्या मिस्त्रीपुढे मांडला. त्याने तो शांतपणे ऐकून घेतला, बॉनेट उघडलं, ऑइल भरायचं झाकण फिरवून काढलं आणि उलटं करून माझ्या नाकासमोर धरलं. आत पिवळट साय जमली होती.

“काका, चालत्या गाडीचं ऑइल म्हातारं होतं,” तो म्हणाला. “उभ्या गाडीचं आजारी पडतं.”

या आजाराचं निदान असं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. त्यातलं बहुतेक वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जातं. थंडीत सकाळी सायलेन्सरमधून टपटपतं ते हेच. पण थोडी वाफ, थोडं न जळलेलं पेट्रोल आणि थोडे आंबट वायू पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतात. गाडी लांब पळाली, ऑइल शंभर अंशांच्या आसपास तापलं, की पाणी आणि पेट्रोल उडून जातं. भाजीला जाऊन आलेल्या गाडीत ते तिथेच मुक्काम करतं. आम्ल मारण्यासाठी ऑइलमध्ये क्षार घातलेला असतो, तो असा बसल्या जागी खर्ची पडतो. डॅशबोर्डवरचा काटा मध्यावर आला म्हणून हुरळू नये. तो इंजिनातल्या पाण्याचं तापमान सांगतो. ऑइल त्याच्या मागून, आपल्या सवडीने तापतं. (साय पुसूनही पुन्हा पुन्हा येत असेल आणि कूलंटची पातळी उतरत असेल, तर हा ग्रंथ मिटावा आणि मिस्त्रीला हेड गॅस्केट पाहायला सांगावं.)

यावरून महापातक कोणतं ते ओघानेच येतं. दर रविवारी सकाळी नऊ वाजता, बॅटरी उतरू नये म्हणून, हातात पेपर घेऊन जागच्या जागी पाच मिनिटं इंजिन सुरू ठेवणे. आमच्या सोसायटीत हा विधी चार जण करतात, एक जण तर पायजम्यावर. ओले कपडे दोरीवर टाकायचे, उन्हं यायच्या आत काढायचे आणि घडी घालून कपाटात ठेवायचे, तसा हा प्रकार. थंड इंजिन पेट्रोल जास्त पितं, ऑइल कोमटच राहतं, आणि स्टार्टरने बॅटरीतून जे ओढलं तेवढंही पाच मिनिटांत परत भरेल याची खात्री नाही. त्यापेक्षा पेपर घरात वाचावा.

पुस्तकात पुढे ‘कठीण वापर’ नावाचा आणखी एक तक्ता असतो. तो लडाखला जाणाऱ्यांसाठी असावा, अशी माझी समजूत होती. नीट वाचल्यावर दिसलं की धुळीचे रस्ते वगैरेंच्या पंगतीत वारंवार मारलेल्या छोट्या फेऱ्याही बसल्या आहेत. म्हणजे आठवड्यातून एकदा, ताशी तीस किलोमीटरने, मंडईतून मेथीची जुडी आणणारा निवृत्त गृहस्थ कठीण वापरवाला ठरतो. असं असताना तो दर दोन वर्षांनी ऑइल बदलू म्हणतो!

खर्चाचा आक्षेप निघतोच. लहान गाडीला साधारण तीन-साडेतीन लिटर ऑइल आणि एक फिल्टर, म्हणजे दोन-तीन हजारांना फोडणी. पण पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करताना “यंदा किती एकर नांगरलंस?” असं बैलाला कोणी विचारत नाही. तेव्हा निर्णय असा: वर्षातून एकदा, दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात, किलोमीटरकडे न पाहता. त्या सुमारास गाडी धुतली जातेच, झेंडूची माळ आणलेली असते आणि तारीख विसरता येत नाही. अधिकमास आला तर दोन दसऱ्यांमध्ये तेरा महिने पडतात. त्याचा दोष इंजिनाला लागत नाही, वॉरंटीला मात्र लागतो, म्हणून वॉरंटी असेपर्यंत इंग्रजी तारीख धरावी.

अपवाद आहेत. गाडी महिन्यातून एकदाच निघते, पण निघाली की थेट रत्नागिरी गाठते, अशांचं ऑइल निरोगी असतं. वॉरंटी संपल्यावर त्यांनी दीड वर्षापर्यंत ताणलं तर माझी हरकत नाही. काही युरोपीय कंपन्या ठरावीक ऑइलवर दोन वर्षांचीही मुभा देतात. पण हा दाखला मला आजवर ज्यांनी दिला, ते सगळे मेथीवाले होते.

मुलीकडे सहा महिने अमेरिकेला जाणाऱ्यांनी ऑइल जाण्याआधी बदलावं. “आता कशाला, आल्यावर नवं घालू” हे शहाणपणाचं वाटतं, पण मग ते आंबट ऑइल सहा महिने बेअरिंगना बिलगून बसतं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवावी. उंदीर हा स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे.

राहिली रंगाची परीक्षा. प्रत्येक सोसायटीत एक जाणकार असतो. तो डिपस्टिक रुमालाला पुसतो, ऑइल चिमटीत चोळतो, हुंगतो आणि “अजून दम आहे” असा निकाल देतो. त्याचं ऐकू नये. काजळी पोटात धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे. डिझेल गाडीत ते काहीशे किलोमीटरांतच काळं होतं आणि तरी ठणठणीत असतं. उलट मधासारखं सोनेरी दिसणारं ऑइल आतून पार थकलेलं असू शकतं. रंगावरून काही सांगता येत नाही.

ग्रेड पुस्तकात असेल तीच घालावी, डिपस्टिकवरची वरची खूण ओलांडू नये. जुनं ऑइल वाळवीसाठी मागायला शेजारी येतील, त्यांना देऊ नये. तो घातक कचरा आहे, गॅरेजमधून तो रीतसर पुनर्प्रक्रियेला जाऊ द्यावा.

आता व्रत. दर पंधरा दिवसांनी गाडी अर्धा-पाऊण तास सलग पळवावी. आम्ही दोघं खेड-शिवापूरच्या बाजूला जातो. “कशाला निघालात?” असं वॉचमनने विचारलं तर “ऑइल तापवायला” म्हणून खरं सांगतो.

परवा तिथल्या एका टपरीवर थांबलो. वडे तळणं चालू होतं. बायको कढईत वाकून बराच वेळ बघत राहिली.

“अहो, यांनी हे तेल कधी बदललं असेल?”

“रंगावरून काही सांगता येत नाही,” मी म्हणालो आणि दोन वडापाव सांगितले.