भाऊंना सगळं माहीत असतं

भिलाईच्या लाइट इंडस्ट्रियल एरियातल्या आमच्या वर्कशॉपमध्ये पंधरा कॉम्प्युटर, एक सर्व्हर आणि एक भाऊ आहेत. कॉम्प्युटर आम्ही बंद करून घरी जातो. भाऊ बंद होत नाहीत.

हे त्यांच्या रक्तातच आहे. वडील नागपूरकडून आले आणि इथल्या स्टील प्लांटच्या टाइम ऑफिसात, कोण किती वाजता आत गेलं ते जन्मभर लिहीत राहिले. भिलाईची पहिली झोतभट्टी 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली. हा प्रसंग सांगताना वडील त्या दिवशी कोण कोण उशिरा आलं होतं, तेही सांगत म्हणे.

मुलाकडे रजिस्टर नाही, सर्व्हरचा सिक्युरिटी लॉग आहे. शेअर फोल्डरला कोणी हात लावला, की तिथं ओळ उमटते. भाऊ चहा पिता पिता सहज म्हणतात, "काल पावणेसहाला रेट लिस्ट बदलली होती वाटतं तुम्ही?" समोरच्याचा चहा गार होतो.

सुरुवातीला उत्साहाच्या भरात त्यांनी सगळ्या फाइलींच्या नुसत्या वाचण्यावरही पाळत लावली. दुपारपर्यंत लॉग तुडुंब भरला आणि नव्या ओळींनी सकाळच्या ओळी पुसून टाकल्या. तेव्हापासून भाऊ वाचणाऱ्यांना क्षमा करतात. फक्त लिहिणारे आणि उडवणारे त्यांच्या रडारवर असतात.

तिथंही सुख नाही. वर्डमध्ये कोणी फाइल सेव्ह केली, की वर्ड गुपचूप एक तात्पुरती फाइल बनवतो आणि काम झालं की उडवतो. त्यामुळे दिवसभर इमानेइतबारे पत्रं टाइप करणाऱ्या ताई लॉगमध्ये सराईत गुन्हेगार दिसतात. त्यात विंडोजच्या साक्षीदारांची तऱ्हा अशी: 4660 क्रमांकाची नोंद सांगते की खून झाला, पण कोणाचा ते सांगत नाही; 4663 मयताचं नाव सांगते, पण खून झालाच अशी शपथ घेत नाही. दोघांचा हँडल नंबर जुळवून भाऊ निकाल लावतात आणि त्या दिवशी डबा उघडायचा विसरतात.

परवा टेंडर भरायच्या दिवशी कोटेशनचं अख्खं फोल्डर गायब झालं. शेअरवरचं दुसऱ्याच्या मशीनवरून उडवलेलं काही रिसायकल बिनमध्ये जात नाही, हे भाऊंनी सर्वांना पूर्वीच बजावलेलं. मालक ओरडू लागले. ऑफिसच्या पोऱ्यानं कोणी विचारायच्या आधीच हात वर केले, "मैं कुछु नइ करे हंव भइया!"

भाऊ शांतपणे लॉगमध्ये शिरले. तासाभराने बाहेर आले. "डिलीट नाही झालं. कोणीतरी माऊसनं ओढून बाजूच्या 'जुनी बिलं'मध्ये टाकलं आहे. अकरा वाजून सात मिनिटांनी."

"पण कोणी?"

"नाव आहे माझ्याकडे."

सगळ्यांनी श्वास रोखला. भाऊंनी स्क्रीन फिरवली. नाव होतं: 'अकाउंट्स'. त्या एका लॉगिनवर पाच माणसं काम करतात आणि त्याचा पासवर्ड प्रिंटरवर चिकटवलेला आहे.

एवढ्या पाळतीच्या शेवटी हाती लागलं ते एक खातं, माणूस नाहीच! भाऊ दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन दिलं, प्रिंटरवरची चिठ्ठी स्वतः फाडली आणि दम दिला, "आता मले सगळं समजेल बरं!"

आठवड्याभरात निम्मे लोक पासवर्ड विसरले. तेव्हा ताईंनी सगळ्यांच्या सोयीसाठी एक एक्सेल फाइल केली, तिच्यात सर्वांची नावं आणि पासवर्ड व्यवस्थित भरले, आणि ती कोणाला सापडत नाही असं व्हायला नको म्हणून शेअर फोल्डरमध्ये सर्वांत वर ठेवली.

भाऊंनी त्या एका फाइलीपुरती वाचणाऱ्यांवरची पाळत पुन्हा सुरू केली आहे. कोणत्या नावानं उघडली, किती वाजता, कोणत्या मशीनवरून, याची त्यांच्याकडे चोख नोंद असते. फक्त त्या नावानं त्या दिवशी खरं कोण आत आलं आहे, एवढंच त्यांना अजून शोधायचं आहे.