काळ्या हिऱ्याचा शोध

बर्फावरचा सर्वांत केविलवाणा प्राणी म्हणजे नवशिक्या, हा गैरसमज आहे. नवशिक्याला कुठे पडायचं ते ठाऊक असतं: लिफ्टमधून उतरल्या उतरल्या, तिथेच. खरी पंचाईत होते ती परक्या डोंगरावर पहिल्यांदा आलेल्या पट्टीच्या स्कीपटूची. रजा मोजकी, तिकिटाला रग्गड पैसे पडलेले आणि अख्खा डोंगर अनोळखी. त्याला अवघड उतार हवा असतो, पण विचारायची चोरी. कारण विचारलं की समोरचा आधी त्याच्या बुटांकडे बघतो.

मग तो नकाशा उघडतो आणि फसतो. अमेरिकेतल्या रिसॉर्टांचे कितीतरी नकाशे हाताने रंगवलेले आहेत. जेम्स निह्यूज या एकट्या चित्रकाराने १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून दोनशेच्या आसपास डोंगर कागदावर उतरवले. सगळे उतार एकाच कागदावर दिसायला हवेत, म्हणून चित्रकार डोंगराची पाठसुद्धा थोडी पोटाकडे वळवून घेतो. चित्रं इतकी देखणी, की फ्रेम करून दिवाणखान्यात लावावीत. मात्र कागदावर शेजारी नांदणाऱ्या दोन वाटांच्या मध्ये एक भलीमोठी धार उभी आहे, हे पाहुण्याला धारेवर पोहोचल्यावरच कळतं.

राहिल्या खुणा. हिरवं वर्तुळ सोपं, निळा चौकोन मध्यम, काळा हिरा अवघड, दोन काळे हिरे म्हणजे घरी सांगून आलात ना? ही चिन्हं अमेरिकेतल्या स्की-व्यवसायाच्या संघटनेने १९६८ मध्ये स्वीकारली आणि ती आली डिस्नेकडून. मिकी माउसवाली कंपनी तेव्हा कॅलिफोर्नियात मिनरल किंग इथे रिसॉर्ट बांधायच्या बेतात होती. रिसॉर्ट बारगळलं, हिरा टिकला. पण हा हिरा त्या त्या डोंगरापुरताच खरा. हे गुण शाळेचे आहेत, बोर्डाचे नव्हेत. एखाद्या बुटक्या टेकडीवर काळा हिरा मिरवणारा उतार मोठ्या डोंगरावर गेला, तर निळ्या चौकोनात मुकाट बसेल.

युरोपात हिरे नाहीत, रंग आहेत: हिरवा, निळा, लाल, काळा. ऑस्ट्रियात मायरहोफेनच्या काळ्या उताराचं नावच हाराकिरी, चढ ७८ टक्के. आपल्याकडे ७८ टक्के म्हणजे डिस्टिंक्शन. कोनाच्या हिशेबात ते जेमतेम ३८ अंश भरतात, कारण शंभर टक्के म्हणजे ४५ अंश. हा हिशेब पाहुणा वर उभा राहून स्वतःला चारचारदा समजावतो; पायांना तो पटत नाही. फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या सीमेवर शावानेत नावाचा उतार आहे. तो काळ्यातही मावेना म्हणून त्याला नारिंगी रंग दिला. वरच्या कडेवरून खालचा उतार दिसतच नाही. ज्यांना तो न दिसताच पुरेसा वाटतो, त्यांना खुर्चीच्या लिफ्टमधून खाली जाता येतं. मात्र तेव्हा समोरून वर येणाऱ्या प्रत्येक खुर्चीतली माणसं चेहरा नीट पाहून घेतात.

तरीही पट्टीच्या पाहुण्यांची पंढरी म्हणजे वायोमिंगमधलं जॅक्सन होल. शंभर माणसं मावणारी ट्राम रॉन्देव्हू डोंगराच्या माथ्यावर, ३,१८५ मीटरवर नेऊन सोडते. माथ्याखालीच ती प्रसिद्ध घळ, कॉर्बेट्स कुलवार. १९६० मध्ये बॅरी कॉर्बेट नावाच्या गिर्यारोहकाने ती हेरली आणि इथून कुणीतरी एक दिवस स्कीवरून उतरेल, असं भाकीत केलं. पुढे १९६३ च्या अमेरिकन एव्हरेस्ट मोहिमेतही तो होता. १९६७ मध्ये लॉनी बॉल नावाचा स्कीपटू उतरला आणि भाकीत खरं झालं.

आत शिरायचं म्हणजे आधी हवेतून उडी. बर्फ भरपूर साचलेला असला तर बेताची, नसला तर दोन मजल्यांची. खाली टेकल्या टेकल्या वळायचं, नाहीतर खडकाची भिंत आहेच. कडेवरचं दृश्य बघण्यासारखं असतं. कुणी स्कीच्या टोकाने बर्फ खरवडतो, कुणी आधीच बसलेला गॉगल पुन्हा बसवतो, कुणाला बुटाची क्लिप एकाएकी सैल वाटते. लखनौला लाजवील असं ‘आधी आपण, आधी आपण’ चालतं. जवळच्या कॉर्बेट्स केबिनमध्ये वाफल मिळतात. परतणाऱ्यांची तोंडदेखली भूक तिथे भागते.

खरं तर कॉर्बेट्स सापडायला अक्कल लागत नाही, तिथे गर्दीच असते. अक्कल लागते ती आजचा चांगला उतार शोधायला. त्यासाठी सकाळी लिफ्टच्या रांगेत कपड्यांकडे पाहावं. नव्याकोऱ्या झगमगीत जाकिटामागे जाऊ नये. टेप गुंडाळलेले, कामगार वापरतात तसले पिवळे कातडी हातमोजे घातलेला माणूस दिसला, की त्याच्यावर नजर ठेवावी. आणि ‘सर्वांत अवघड कुठे?’ असं चुकूनही विचारू नये. त्याचं उत्तर बोट दाखवून मिळतं आणि पाठीमागे हसू येतं. ‘आज बर्फ कुठे चांगला आहे?’ असं विचारलं की माणूस बोलता होतो. उन्हाकडे तोंड केलेला उतार दुपारी वितळतो आणि रात्री गोठून काच होतो; उत्तरेकडचा बर्फ मऊ राहतो. उतार तोच, पण काल उशी आणि आज फरशी.

अमेरिकेत रिसॉर्टच्या हद्दीत हिमस्खलनाची काळजी स्की-गस्तवाले घेतात. आल्प्समध्ये वाटेच्या कडेच्या खांबांपलीकडे गेलात की तुमचे तुम्ही. आपल्या गुलमर्गलाही हाच कायदा, फक्त खांब कमी. तिथला गंडोला २००५ पासून अफरवत डोंगराच्या खांद्यावर, सुमारे ३,९५० मीटरवर जातो. खाली मराठी मंडळी स्लेजवाल्याशी घासाघीस करत असतात, तेव्हा गंडोल्याच्या रांगेत रुंद स्की खांद्यावर टाकलेले परदेशी पाहुणे उभे असतात. वर गंडोल्याभोवतीच्या उताराची निगा गस्तवाले राखतात. त्यापलीकडे डोंगर मोकळा आहे आणि तो थट्टा जाणत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवतवरच्या हापतखुदला हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटू दगावले.

तेव्हा गुलमर्गला अवघड उतार हवाच असेल, तर बर्फाखाली गाडलेल्याचा माग देणारा बीकन, फावडं, बर्फात खुपसायची सळई आणि स्थानिक गाइड यांच्याशिवाय हद्द ओलांडू नका. आणि जंगलातून थेट खालच्या तंगमर्ग गावाला उतरायचा बेत असेल, तर परतीच्या गाडीचं भाडं सकाळीच ठरवून ठेवा.